छापखान्यासाठी यंत्राची निवड

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. प्रश्नपत्रिका, अर्ज, पंचायतीचे नमुने ही कामे एकरंगी छपाईने उत्तम भागतात. मात्र त्यासाठी लेझर यंत्र निवडताना केवळ खरेदीची किंमत पाहणे हिताचे नाही. टोनर, ड्रम व दुरुस्ती धरून येणारा प्रतिपान खर्च हीच खरी कसोटी होय. महिन्याला ५०,००० पाने छापली जात असतील, तर पानामागे २० पैशांचा फरक दरमहा १०,००० रुपयांचा होतो. आणि हा भार अखेर शाळा-पंचायतींच्या बिलातच उतरतो.

टोनरची जाहीर क्षमता बहुधा पानाचा सुमारे ५ टक्के भाग छापला जाईल असे गृहीत धरून सांगितलेली असते. तक्त्यांनी भरलेल्या पानास टोनर अधिक लागतो. म्हणून आपल्याच कामाचे पान छापून पाहावे. कमाल मासिक क्षमता ही यंत्राच्या सहनशक्तीची सीमा असते. नेहमीचे काम शिफारस केलेल्या मर्यादेतच ठेवावे.

तंत्रज्ञ किती तासांत पोहोचेल, हे करारात लिहून घ्यावे. परीक्षेच्या आदल्या दिवशी यंत्र बंद पडल्यास स्वस्ताईचा सारा हिशेब फोल ठरतो.