पर्वत जागच्या जागी, मग सीमा कशी सरकली?

प्रश्न : इटली आणि स्वित्झर्लंडमधली सीमा आल्प्समध्ये सरकली, असं वाचलं. लढाई नाही, भूकंप नाही, मग डोंगरावरची सीमा सरकते कशी?

उत्तर : शंका रास्त आहे. डोंगर तसूभरही हललेला नाही. हललं आहे ते त्याच्यावरचं बर्फ.

अशी सीमा उंच शिखरं जोडत जाते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं तर ती पाणलोटाच्या रेषेवरून जाते. कौलारू घराचं आढं आठवा. आढ्याच्या या अंगाला पडलेला पाऊस या वळचणीला, त्या अंगाचा त्या वळचणीला. मॅटरहॉर्नच्या परिसरात उत्तरेचं पाणी रोन नदीला मिळतं, दक्षिणेचं पो नदीला. उत्तरेची वळचण स्वित्झर्लंडची, दक्षिणेची इटलीची. ४४७८ मीटर उंच मॅटरहॉर्न बरोबर आढ्यावर आहे, म्हणून तो दोघांचा. पण त्याहून उंच, ४६३४ मीटरचं ड्युफूरश्पिट्झ आढ्यापासून जरा बाजूला पडतं, म्हणून ते एकट्या स्वित्झर्लंडचं.

आढं खडकाचं असेल तर प्रश्न मिटला. पण काही ठिकाणी खडक हिमनदीखाली गाडलेला आहे. तिथे बर्फाचा माथा हेच आढं. बर्फ वितळून खचलं की माथा सरकतो आणि त्याच्यासोबत सीमाही.

थिओडुल हिमनदीवर नेमकं हेच झालं. तिच्या काठी, ३४८० मीटर उंचीवर, १९८४ साली इटलीच्या हद्दीत गिर्यारोहकांसाठी एक निवारा बांधला गेला. पुढे बर्फ ओसरलं आणि पाणलोटाच्या हिशेबाने निवाऱ्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग स्वित्झर्लंडकडे गेला. पाहुणे जेवायला बसत इटलीत, ताट मात्र कागदोपत्री परदेशात! दोन्ही देशांनी बसून नवी आखणी ठरवली. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वित्झर्लंडने तिला मान्यता दिली.

सीमा दर वेळी पाण्यामागे जातेच, असंही नाही. सप्टेंबर १९९१ मध्ये इटली-ऑस्ट्रिया सीमेवर, वितळत्या बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला. तोच प्रसिद्ध 'ओट्झी'. तिथलं पाणी ऑस्ट्रियाकडे उतरतं, म्हणून तो ऑस्ट्रियाचा वाटला. मोजणी केली तेव्हा जागा इटलीच्या हद्दीत सुमारे ९३ मीटर आत निघाली. १९१९च्या तहानंतर सीमा आखली, तेव्हा तिथे जाड बर्फ होतं आणि खालचा खरा पाणलोट दिसत नव्हता. इथे मात्र आखलेली रेघच मानली गेली, आणि ओट्झी आज इटलीतल्या बोल्झानोच्या संग्रहालयात आहे.

तेव्हा आल्प्सचा नकाशा विकत घेताना छपाईचं साल जरूर पाहा. खडकावरची रेघ जुन्या नकाशातही चालेल, बर्फावरची चालेलच असं नाही.