फुसक्या बाराची कारणमीमांसा

चाप ओढला, घोडा पडल्याचा आवाज आला. पण बार उडाला नाही. अशा वेळी ‘बार फुसका गेला’ असे आपण म्हणतो. बोलीभाषेत या शब्दप्रयोगाला थट्टेचा वास आहे. नेमबाजाच्या दृष्टीने मात्र तो क्षण थट्टेचा नसून सर्वांत अधिक सावधगिरीचा होय. न उडालेले काडतूस हे निर्जीव काडतूस नव्हे, ही या पाठातील पहिली गोष्ट वाचकाने मनाशी पक्की धरावी.

बार कसा उडतो हे समजल्याखेरीज तो का उडत नाही हे समजणार नाही. ठासणीच्या जुन्या बंदुकीत कानाशी ठेवलेली रंजक आधी पेटे व तिची ठिणगी आतील दारूला लागे. रंजक ओली झाली की बार फुकट जाई. शिवाय रंजकेचा भडका पाहून पक्षी उडून जात. या त्रासाला कंटाळलेल्या अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचा उपयोग केला व १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे तेच मिश्रण धातूच्या इवल्याशा टोपीत बसले आणि टोपी पुंगळीच्या बुडात बसली. आजच्या काडतुसातही क्रम तोच आहे: पिन टोपीवर आदळते; टोपी आणि तिच्यामागील ऐरण यांच्यामध्ये मिश्रण चिरडून पेटते; ज्योत छिद्रातून आत शिरते; दारू पेटते आणि गोळी सुटते. या साखळीची एक कडी तुटली तरी बार फुसका जातो.

ही ऐरण कोठे असावी याविषयी १८६६ च्या सुमारास दोन पद्धती रूढ झाल्या. अमेरिकेच्या बर्डनने ती पुंगळीतच घडविली. इंग्लंडच्या बॉक्सरने ती टोपीत बसविली. बॉक्सर पद्धतीत पुंगळीला मधोमध एकच छिद्र असल्याने वापरलेली टोपी सहज काढता येते. म्हणून हाताने काडतुसे पुन्हा भरणारे छांदिष्ट याच पद्धतीच्या पुंगळ्या पसंत करतात. हा छंद अमेरिकेत फोफावला. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये दारूगोळा तयार करण्यास परवाना लागत असल्याने तो येथे तसा रुजला नाही.

आता बार उडाला नाही तर काय करावे? नळी लक्ष्याच्याच दिशेला ठेवून निदान ३० सेकंद थांबावे. मिश्रण मंदपणे पेटले असल्यास बार उशिरा उडू शकतो. बोल्ट घाईने उघडला आणि त्याच क्षणी दारू पेटली, तर पुंगळी नेमबाजाच्या तोंडाशी फुटेल. ‘फट्’ असा दुबळा आवाज आला असेल तर गोळी नळीत अडकली असण्याचा संभव असतो. अशा वेळी दुसरे काडतूस कदापि झाडू नये. तशाच थांबण्यानंतर रायफल रिकामी करून नळी आरपार मोकळी आहे की नाही हे आधी पाहावे.

त्यानंतर काडतूस फेकून न देता त्याचे बूड निरखावे. टोपीवरील खळगा हाच येथे मुख्य साक्षीदार होय. त्याची साक्ष तीन प्रकारची असते.

पहिला प्रकार: खळगा उथळ आहे. म्हणजे आघातच अपुरा पडला. स्प्रिंग थकलेली असेल, पिन झिजलेली असेल, किंवा बोल्टमधील ग्रीस घट्ट झाले असेल. भरणाऱ्याची चूकही असू शकते. टोपी तळापर्यंत बसलेली नसेल तर पहिला आघात तिला आत ढकलण्यातच खर्ची पडतो. असे काडतूस दुसऱ्या आघाताला बहुधा उडते. कड नसलेल्या, उदाहरणार्थ ७.६२ मि.मी. नाटो काडतुसात, साच्यात दाबताना पुंगळीचा खांदा प्रमाणाबाहेर मागे गेला, तर पुंगळी चेंबरमध्ये सैल राहते व आघाताबरोबर पुढे सरकते. जुन्या .३०३ काडतुसाला कडेचा आधार असल्याने तेथे हे कारण सहसा लागू पडत नाही.

दुसरा प्रकार: खळगा खोल आहे, तरी टोपी फुटलेली नाही. येथे दोष टोपीचा. तेल वा दमटपणा तिच्यात शिरला असेल, किंवा ऐरण निखळली असेल. तेलकट बोटांनी टोप्या हाताळू नयेत, हा नियम यासाठीच आहे.

तिसरा प्रकार: टोपी फुटली, पण दारू पेटली नाही. दारू भरायचीच राहिली असेल, ती भिजली असेल, अथवा पुंगळ्या घासण्यासाठी वापरलेल्या भुशाचा कण छिद्रात अडकला असेल.

दोष रायफलीचा की काडतुसाचा, हे ठरविण्याची रीत सोपी आहे. त्याच रायफलीतून कारखान्यातील चांगली काडतुसे झाडून पाहावीत. तीही फुसकी गेली तर रायफल जाणत्या कारागिराकडे न्यावी. ती उडाली तर आपल्या भरणीकडे वळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाचा आला हे कळत नाही.

पुण्याजवळच्या खडकी येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथील पुंगळ्यांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे उमटविलेली आढळतात. त्यांतील ‘के’ हे ‘किरकी’ या जुन्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर होय. बुडावरील अशा खुणा निव्वळ शोभेच्या नसतात. दोष आढळला तर माल कोठला व केव्हाचा, याचा माग त्यावरून काढता येतो. कारखान्यात टोप्यांचे नमुनेही तपासले जातात: ठरलेल्या वजनाचा गोळा ठरलेल्या उंचीवरून पिनेवर सोडून त्या पेटतात की नाही ते पाहतात. एकट्या माणसाजवळ हे साधन नसते. त्याच्याजवळ वही असते. टोप्यांचा गट, भरणीची तारीख, पुंगळी कितव्यांदा वापरली, या नोंदी तिच्यात असाव्यात. एकच बार फुसका गेला तर तो योगायोग असू शकेल. एकाच गटातील दुसराही गेला, तर तो संपूर्ण गट बाजूला ठेवावा. चार पैसे वाचविण्यासाठी संशयित काडतूस झाडणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.