एकरी उत्पन्न आणि त्यामागील गृहीते

एखाद्या विकास-योजनेचे मूल्यमापन करावयाचे म्हणजे तिचे फळ मोजावयाचे. परंतु माप निवडतानाच काही गोष्टी न बोलता मान्य केलेल्या असतात. रायपूर जिल्ह्यातील भातशेतीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९५९ साली फोर्ड प्रतिष्ठानाने पाठविलेल्या तज्ज्ञांनी भारताच्या अन्नसंकटावर अहवाल दिला. त्यातून सघन कृषी जिल्हा कार्यक्रम निघाला. तंजावर, पश्चिम गोदावरी, शहाबाद, अलीगढ, लुधियाना, पाली आणि रायपूर हे त्याचे पहिले सात जिल्हे होत. सुधारलेले बी, रासायनिक खते, कर्ज व सल्ला ही सर्व एकत्र पुरवावयाची आणि एकरी उत्पन्न किती वाढले ते पाहावयाचे, अशी योजना होती. लुधियानात गव्हाने नाव काढले. रायपुरात भाताची तशी वाढ दिसली नाही. येथील शेतकरी मागासलेला, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते.

जिल्हे निवडताना पाण्याची शाश्वती ही एक अट होती. लुधियानाचा शेतकरी विहिरीतून वा नलिकाकूपातून हवे तेव्हा पाणी घेऊ शके. रायपूरकडील महानदीचा कालवा ब्रिटिश अमदानीत दुष्काळापासून पीक वाचविण्यासाठी काढलेला. त्याचे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जाई. एकाने टाकलेले खत पाण्याबरोबर शेजाऱ्याकडे जाण्याचा संभव! शाश्वती हा शब्द एकच, परंतु व्यवहार दोन.

उत्पन्न म्हणजे केवळ धान्य, हेही एक गृहीतच. छत्तीसगडात भात फेकून पेरतात आणि महिनाभराने, शेतात पाणी साचले की, उभ्या पिकात नांगर फिरवितात; यास बियासी म्हणतात. त्यासाठी बैल हवेत आणि बैलांना पेंढा हवा. शिवाय कापणीपूर्वीच ओलाव्यात लाखोळी पेरण्याची उतेरा पद्धत आहे. पूर्व विदर्भातील वाचकांस लाखोळी अपरिचित नाही. बुटक्या वाणांचा पेंढा आखूड असतो. भाताच्या रकान्यात हा पेंढाही येत नाही आणि लाखोळीही येत नाही.

सरासरी तर याहून फसवी. भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा चार जातींची जमीन एकाच गावच्या उतारावर आढळते. उथळ, खडकाळ भाट्यावर लवकर पिकणारे धान आणि खोलगट कन्हारात उशिराचे, अशी वाटणी करून शेतकरी पावसाची जोखीम विभागतो. १९६५-६६ सारख्या अवर्षणाच्या वर्षी या वाटणीचे मोल कळते.

भातशास्त्रज्ञ डॉ. रा. ह. रिछारिया यांनी १९७० नंतरच्या दशकात रायपुरात राहून स्थानिक भातांचे १७,००० हून अधिक नमुने जमविले. त्यांतील अनेक वाण देशी पद्धतीनेही भरघोस पिकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे त्यांची संस्था बंद झाली. तेलीबांधा तलावापासून महामार्गाने पूर्वेस गेल्यावर लागणाऱ्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आज भाताच्या २३,००० हून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे.

मात्र रिछारियांचे प्रतिपादनही गृहीतांपासून मुक्त मानता येत नाही. एकच वाण दोन गावांत दोन नावांनी ओळखले जात असेल, तर संख्या फुगते. निवडक शेतातील उत्तम पीक सर्व शेतांत येईल, असेही नाही. देशी आणि बुटके वाण एकाच उतारावर, विकतच्या खतासह व त्याविना, शेजारीशेजारी लावावे. धान्य, पेंढा आणि लाखोळी वेगवेगळी तोलावी. आणि पाऊस दगा देईल त्या वर्षीचे वजनही वहीत लिहावे.