ताई हसली की तो दचकायचा

मार्च २०२४. सोलापुरात उन्हाचा तडाखा सुरू झाला होता, मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या आणि घरात एकच धोशा : ‘शैतान’ बघायचा. अजय देवगण आहे, माधवन आहे, शिवाय प्रमाणपत्र यूए. मी फार विचार केला नाही. आम्ही ‘झपाटलेला’ बघत मोठे झालो. १९९३ साली तात्या विंचूनं आमचीही झोप उडवली होती, पण लक्ष्याला बघून पोट धरून हसलोही होतो. भुताचा सिनेमा म्हणजे एवढंच, हे डोक्यात पक्कं बसलेलं. थोरली पंधरा वर्षांची, धाकटा नऊचा, सोबत दिरांचा कॉलेजात जाणारा मुलगा. गेलो.

थिएटरात धाकटा रडला नाही आणि तिथंच मी फसले. मध्यंतरात हट्टानं घेतलेला पॉपकॉर्नचा पुडा त्याच्या मांडीवर शेवटपर्यंत भरलेलाच राहिला. नंतर त्यानं माझं कोपर धरलं ते सोडलंच नाही. पुतण्या कानाशी लागून म्हणाला, “का बे, घाबरलास?” त्यानं नकारार्थी मान हलवली. मी ती खरी मानली.

चित्रपटाची गोष्ट थोडक्यात अशी. ढाब्यावर भेटलेल्या अनोळखी माणसाच्या हातचं खाऊन एक मुलगी त्याच्या मुठीत जाते. फोन चार्ज करायच्या निमित्तानं तो तिच्या कुटुंबाच्या फार्महाऊसमध्ये शिरतो. तो नाच म्हणाला की ती नाचते, हस म्हणाला की हसत राहते, आणि त्याच्या हुकमावर सख्ख्या धाकट्या भावाच्या जिवावर उठते. आईबाप समोर उभे, पण हतबल. रक्तही आहे, मारहाणही आहे. मोठ्यांसाठी चित्रपट म्हणून पूर्वार्ध उत्तम जमलाय. माधवन आवाज न चढवता जे करतो ते अंगावर काटा आणतं. पुढे पकड सैल होते, असं माझं मत.

त्या रात्री थोरली मोबाईलवर काहीतरी बघून खळखळून हसली. धाकटा पलंगावरून उतरला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तोंडातून शब्द नाही. त्यानंतर तो तिच्या शेजारी झोपेना. ती स्वयंपाकघरात सुरी घेऊन कांदा चिरायला बसली की हा बाहेरच्या खोलीत. आठवडाभरानं थोरली रडवेल्या आवाजात म्हणाली, “आई, तो भुताला नाही घाबरत. मला घाबरतोय.”

९ एप्रिलला पाडवा आला. आमच्या शेजारी पद्मशाली कुटुंब आहे. आपला पाडवा तीच त्यांची उगादी. दरवर्षी काकू चिंच, गूळ, कैरी आणि कडुनिंबाचा मोहोर घातलेल्या पच्चडीची वाटी आणतात आणि धाकटा दुसरी वाटी मागून घेतो. त्या दिवशी त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले. “ह्यात काय घातलंय?” एवढंच विचारलं. जन्मापासून अंगाखांद्यावर खेळवलेल्या मुलाचा तो प्रश्न ऐकून काकूंचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोवर मी चित्रपट रक्तानं मोजत होते : किती सांडतं, किती वेळ दिसतं. मुलाच्या बाबतीत ते माप अपुरं आहे. रक्त तो विसरला होता. पडद्यावर आपल्याच वयाचा मुलगा आहे का, त्याला मारायला उठणारं माणूस घरातलंच आहे का, आणि आईबाप त्याला वाचवू शकतात का, हे आधी बघायला हवं होतं. तात्या विंचू बाहुला होता, आणि घरातली माणसं घरातलीच राहिली होती. इथं ताईच उलटली आणि आईचं काही चालेना.

आणि हे आधी कळणं अवघड नव्हतं. ‘शैतान’ हा २०२३च्या गुजराती ‘वश’चा रीमेक आहे. नव्या चित्रपटाची गोष्ट झाकलेली असते, पण रीमेकची वर्षभर आधीच जगजाहीर झालेली असते. मूळ चित्रपटाबद्दल दहा मिनिटं वाचलं असतं, तर मी धाकट्याला घरी ठेवलं असतं.

प्रमाणपत्राबद्दलही माझा गैरसमज होता. ए असेल तर अठराखालच्यांना थिएटरनं आत सोडायचंच नाही. यूए म्हणजे मात्र ‘मुलांना चालेल’ असं नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की निर्णय पालकांनी घ्यायचा. तेव्हा यूएची रेघ बाराव्या वर्षावर होती. २०२३ची कायदादुरुस्ती त्यानंतर अमलात आली आणि आता यूए ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे झालेत. पण हा आकडा दारात कुणी तपासणार नाही, तो तुमच्या-माझ्यासाठी आहे. आजच्या मापात मी ‘शैतान’ला १६+च्या खाली आणणार नाही. घरातल्या ओटीटीवरही २०२१च्या नियमांनुसार १३+ आणि त्यापुढच्या गोष्टींना पालकांचं कुलूप लावायची सोय असते. ते आजच लावा, आणि त्याचा आकडा मुलांच्या वाढदिवसाचा ठेवू नका.

धाकट्याला बरं वाटायला दीड महिना लागला. “एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?” हे वाक्य आम्ही घरात बंद केलं. रात्री दिवा चालू ठेवला. वशीकरण असं काही नसतं, हे नुसतं सांगून पटेना. मग अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. दाभोलकरांबद्दल सांगितलं, त्यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा केला हे सांगितलं. अशी शक्ती आहे म्हणून फसवणाऱ्याला पोलीस धरतात, हे त्याला आवडलं. पण खरा उपयोग झाला तो रीमेकचाच. त्या मुलीचं काम करणारी जानकी बोडीवाला मूळ ‘वश’मध्येही त्याच भूमिकेत होती. तिचे दोन्ही चित्रपटांचे फोटो मी शेजारीशेजारी ठेवून दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. “म्हणजे पहिल्यांदा पण तिला काही झालं नव्हतं?” “नाही रे राजा. दोन्ही वेळा काम संपवून घरी गेली.” त्या रात्री त्यानं उशी उचलली आणि ताईच्या खोलीत गेला. तुमच्या मुलाची झोप किंवा खाणं महिनाभरात रुळावर आलं नाही, तर संकोच न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

थोरलीवर मी बंदी घातली नाही. पुढे तिच्याबरोबर ‘छोरी’ बघितला. २०१७च्या मराठी ‘लपाछपी’चा हा रीमेक, दोन्हींचे दिग्दर्शक विशाल फुरिया. माझ्या मते मूळ चित्रपटातल्या उषा नाईक जास्त भेदक आहेत. उसाच्या फडात अडकलेली गरोदर बाई आणि जन्माला येताच मारल्या जाणाऱ्या मुली बघून थोरली त्या रात्री दोन तास बोलत होती. तिच्या वयाला तो विषय पेलला. धाकट्याला मात्र मी तो इतक्यात दाखवणार नाही. मोहोळजवळ माझ्या भावाचा ऊस आहे, आणि सुट्टीत त्याला त्या बांधांवरून पळायचं असतं.

पुढच्या पाडव्याला त्यानं काकूंकडून दोन वाट्या घेतल्या. सिनेमाला जायचं म्हटलं की मात्र अजून चपला घालता घालता विचारतो, “आई, ह्यात ताई असते का?”