सेनिओ नदीवरचे नामदेव जाधव : महायुद्धाच्या पाठासाठी



दुसरं महायुद्ध शिकवताना फळ्यावर १९३९ ते १९४५ लिहिलं की मुलं जांभया द्यायला लागतात. म्हणून यंदा मी सुरुवात शेजारच्या जिल्ह्यापासून केली. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. सैन्य ब्रिटिशांचं, लढाई इटलीत. त्यांचं काम कंपनीच्या रनरचं, म्हणजे निरोप्याचं.

९ एप्रिल १९४५. वय २३. सेनिओ नदी तशी लहानच, पण दोन्ही काठांवर पुरासाठी घातलेले उंच बांध, त्यात जर्मन मशिनगन आणि उतारावर भूसुरुंग. (जायकवाडीची मातीची भिंत मुलांना आठवायला सांगा. हे बांध त्याहून खूप लहान, पण चित्र लगेच उभं राहतं.) पलीकडे गेलेली तुकडी जवळजवळ संपली. जाधवांनी एका जखमीला उचललं, गोळीबारात पाणी ओलांडलं, सुरुंगांतून बांध चढून त्याला सुरक्षित ठेवलं. मग परत गेले, दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यांदा गेले ते मशिनगनच्या ठाण्यांवर. हाताला जखम झाली तेव्हा टॉमी गन टाकून हातबॉम्ब घेतले. तीन ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून शिवरायांचा जयजयकार करत मागच्या कंपन्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बरोबर २३ दिवसांनी इटलीतलं युद्ध थांबलं.

गोष्ट सांगताना घाई करू नका. मुलांना मशिनगनच आवडते, पण आधीच्या दोन फेऱ्यांवर थांबा. माझ्या वर्गात तिथे अगदी शांतता होती.

मग एकीने विचारलं, "बाई, पण ते इंग्रजांसाठी का लढले?" हा प्रश्न टाळू नका. १९४२ला इकडे 'चले जाव' चालू होतं आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे २५ लाख भारतीय त्याच इंग्रजांच्या सैन्यात होते, तेही सक्तीशिवाय. कुणाला पगार हवा होता, कुणाच्या घरी पलटणीची परंपरा होती. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि मुलांना भांडू दिलं. तास संपला, भांडण नाही.

त्याच रेजिमेंटचे यशवंत घाडगेही जरूर सांगा. दोघांचा जन्म नोव्हेंबर १९२१चा. घाडगे १० जुलै १९४४ला इटलीतच पडले, त्यांना क्रॉस मरणोत्तर मिळाला. जाधव १९८४पर्यंत जगले.

पालकांनो, घरात आजोबा-पणजोबांची पलटणीची कागदपत्रं किंवा पदक असेल तर मुलांना दाखवा. पदक मात्र शाळेत पाठवू नका, फोटो पुरे.