लाकडाची धूळ: १० हजारांच्या आत बंदोबस्त

जोडणी कशी करायची ते व्हिडिओत दाखवलंय. इथे बघू, पैसे कुठे आणि कोणत्या क्रमाने घालायचे.

महाड-पोलादपूरकडे बरेच जण पडवीतच लाकूडकाम सुरू करतात. पाट, चौरंग, देव्हारे. मेपर्यंत दार उघडं असतं, वारा धूळ घेऊन जातो. पण आपल्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर. जूनमध्ये दारं लागतात आणि गणपतीच्या मखरांच्या ऑर्डरीही तेव्हाच येतात. म्हणजे काम सगळ्यात जास्त आणि हवा सगळ्यात कमी!

जमिनीवर पडलेला भुसा दिसतो, तो फारसा घातक नाही. सँडरमधून उडणारं पिठासारखं बारीक हवेत तरंगत राहतं आणि फुफ्फुसात जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. शिवाय ओल्या पॉलिशवर धूळ बसली की माल परत घासावा लागतो, तो खर्च वेगळाच.

आता क्रम लक्षात ठेवा.

१. मास्क. एन-९५ घ्या. रुमाल बारीक धूळ अडवत नाही. हाताखाली पोरगा असेल तर त्यालाही द्या.

२. धूळ उगमालाच पकडा. ओला-सुका व्हॅक्यूम क्लीनर घ्या, त्याचा पाइप थेट सँडरला किंवा राउटरला लावा. झाडू शेवटी, झाडूने बारीक धूळ परत उडते.

३. मध्ये सायक्लोन बसवा. हा प्लास्टिकचा शंकू झाकणाच्या ड्रमवर बसतो. हवा आत गोल फिरते, जड भुसा ड्रममध्ये पडतो आणि व्हॅक्यूमचा फिल्टर लवकर तुंबत नाही. ड्रम जाड घ्या. पाइप तुंबला की पातळ बादली आत चेपते. झाकणातून हवा गळली तर सायक्लोन काम करत नाही. ड्रम दोन तृतीयांश भरला की रिकामा करा.

४. मोठा डस्ट कलेक्टर नंतर. रंधा मशीन घ्याल तेव्हा. त्याच्या ढलप्यांना ४ इंची पाइप आणि भरपूर हवा लागते, ते व्हॅक्यूमचं काम नाही.

आता हिशोब. व्हॅक्यूम, सायक्लोन, ड्रम आणि पाइप मिळून ९००० रुपये धरा. दोन वर्षांत वसूल करायचे तर महिन्याला ३७५. महिन्याला २५ नग विकत असाल, तर एका नगामागे फक्त १५ रुपये! हे १५ रुपये किमतीत धरा. खिशातून घालू नका, आणि वाचवूही नका.

आजचा गृहपाठ: आपले महिन्याचे नग वहीत लिहा, हाच भागाकार करा आणि पावसाळ्याआधी खरेदीची तारीख ठरवा. धंदा वाढवायचा तर आधी श्वास शाबूत पाहिजे.