जहाज सुटण्यापूर्वी

सफाळे हे पालघर तालुक्यातील, पश्चिम रेल्वेवरील एक लहानसे स्थानक आहे. येथून पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या मुंबईस जातात, नोकरदार माणसेही जातात. या सर्वांना मुंबई ठाऊक असते ती कामापुरती. ज्या बंदरामुळे मुंबई मोठी झाली, ते बंदर मात्र त्यांपैकी फार थोड्यांनी डोळे भरून पाहिलेले असते.

हिवाळ्यातील एका सकाळी सफाळ्याचे आजोबा, आजी आणि त्यांची दोन नातवंडे चर्चगेटच्या लोकलमध्ये बसली. संध्याकाळी मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या पर्यटन जहाजाने त्यांना प्रवास करावयाचा होता. धाकट्या नातवाला जहाज पाहण्याची एवढी घाई झाली होती की, सरळ धक्क्यावरच जाऊन बसावे असे तो म्हणू लागला. आजोबा म्हणाले, “ज्या बंदरातून आपण निघणार, त्याची आधी ओळख करून घेऊ. यजमानाशी दोन शब्दही न बोलता त्याच्या दारातून निघून जाणे बरे नव्हे.”

गाडीने वैतरणा नदीचे पूल ओलांडले. विरार मागे पडले आणि नालासोपारा स्थानक आले. आजोबांनी पश्चिमेकडे बोट दाखविले. “ते जुने सोपारे. दोन हजार वर्षांपूर्वी तेथे दूरदेशीची गलबते येत. ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक ग्रंथातही त्याचे नाव आहे. पुढे खाडी गाळाने भरत गेली. बंदर गेले आणि गाव उरले.” पुढचे स्थानक वसईचे. तेथील किल्ल्यात जवळजवळ दोनशे वर्षे पोर्तुगीजांची सत्ता होती. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने तो जिंकला. एके काळी वैभवात असलेले ते नगर आज भग्न भिंतींच्या रूपाने उभे आहे.

चर्चगेटला उतरताच नातीने विचारले, “आजोबा, या चर्चगेटचा दरवाजा कोठे आहे हो?” दरवाजा आता नाही. इंग्रजांच्या काळी मुंबई शहराभोवती तट होता आणि सेंट थॉमस चर्चकडे जाणाऱ्या वेशीला चर्चगेट म्हणत. एकोणिसाव्या शतकात शहर तटात मावेनासे झाले, तेव्हा १८६० नंतरच्या काही वर्षांत तो पाडण्यात आला. मुंबईच्या पूर्वेचे खोल व सुरक्षित पाणी हे या वाढीचे मूळ होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली. ती पुढे देशाच्या अंतर्भागात पोहोचली, तसा तेथील कापूस या बंदरात येऊ लागला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना मुंबईचा कापूस हवा झाला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपचा जलमार्ग हजारो मैलांनी कमी झाला.

ओव्हल मैदानाच्या कडेने, राजाबाई मनोरा पाहत ती मंडळी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेली. सोपाऱ्याजवळ सापडलेल्या सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तेथे जपलेला आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यास उत्खनन केले होते. सकाळी खिडकीतून नुसते नाव ऐकलेल्या गावाची ही खूण पाहून नात त्या दगडापुढे बराच वेळ उभी राहिली.

तेथून गेटवे ऑफ इंडिया जवळच आहे. १९११ साली पाचवा जॉर्ज बादशहा या ठिकाणी उतरला. त्या आगमनाचे स्मारक म्हणून ही कमान उभारली गेली आणि १९२४ साली तिचे उद्घाटन झाले. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी याच कमानीतून बाहेर पडून जहाजावर चढली. बादशहाच्या स्वागतासाठी बांधलेल्या दाराने त्याच्या सत्तेला निरोप दिला. समोरच्या कठड्याजवळ बसून सर्वांनी घरून आणलेली तांदळाची भाकरी खाल्ली.

दुपारी ती बॅलार्ड इस्टेटकडे निघाली. वाटेत एशियाटिक सोसायटीची, १८३३ साली पूर्ण झालेली भव्य वास्तू लागली. सोपाऱ्याच्या स्तूपात मिळालेले करंडक या संस्थेकडे आहेत. बॅलार्ड इस्टेटच्या सरळ, शांत रस्त्यांवरून चालताना आजोबा म्हणाले, “आपल्या पायाखाली पूर्वी समुद्र होता.” अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेली माती व दगड टाकून ही जमीन तयार करण्यात आली. तीच गोदी आज इंदिरा गोदी म्हणून ओळखली जाते. अशा गोदीला दरवाजे असतात. भरतीच्या वेळी ते उघडून जहाज आत घेतात आणि मग बंद करतात. त्यामुळे बाहेर ओहोटी लागली, तरी आतले पाणी उतरत नाही.

येथे आजोबा थांबले. “बंदराची एक गोष्ट अजून सांगावयाची राहिली,” ते म्हणाले. १४ एप्रिल १९४४ रोजी, दुसरे महायुद्ध चालू असताना, जवळच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. जहाजाला आग लागली. अग्निशामक दलाचे जवान ती विझविण्यासाठी धावले आणि भर उन्हात पाण्याचा मारा करीत राहिले. दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली. त्यांत ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

नातू आता जहाजाविषयी काही बोलत नव्हता. थोड्या वेळाने त्याने विचारले, “आजोबा, मुंबईचे बंदरही एक दिवस सोपाऱ्यासारखे होईल का?”

“बंदराची कामे बदलत असतात,” आजोबा म्हणाले. “मालाची मोठी जहाजे आता पलीकडे न्हावा-शेवा येथे जातात. आपल्याच जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे मोठे बंदर होणार आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्यातून व्यापार वाढेल, कामे मिळतील, असे सांगतात.”

आजी इतका वेळ ऐकत होती. तिचे माहेर किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातले. ती म्हणाली, “आणि ज्यांची जाळी त्या पाण्यात पडतात, त्यांचे काय? माझ्या भावाला तीच काळजी लागली आहे.” आजोबांनी मान हलविली. “तुझे म्हणणे खरे आहे. बंदर बांधणाऱ्यांनी या प्रश्नाचेही उत्तर दिले पाहिजे.”

बॅलार्ड पिअरच्या प्रवासी स्थानकातून ती जहाजावर चढली. सूर्य शहरामागे कलला होता. भोंगा झाला, दोर सुटले आणि धक्का हळूहळू दूर जाऊ लागला. इतर प्रवासी पुढच्या समुद्राकडे पाहत होते. ही दोन्ही मुले मात्र कठड्याला धरून मागच्या बंदराकडे पाहत होती. सकाळी त्यांना तो नुसता धक्का वाटला असता. आता तेथील दगडांमागे, भराव घातलेल्या जमिनीमागे आणि गोदीच्या दरवाजांमागे राबलेली माणसे त्यांना दिसत होती.

शब्दार्थ

गलबत – शिडाचे मोठे जहाज. करंडक – अवशेष ठेवण्याची झाकणाची पेटी. गोदी – जहाजे आत घेऊन माल चढविण्या-उतरविण्याची बांधीव जागा. यादवी – एकाच देशातील लोकांमधील युद्ध. भराव – पाण्यात माती-दगड टाकून केलेली जमीन.

स्वाध्याय

१. सोपारे बंदर का लयास गेले? मुंबई बंदर कोणत्या कारणांनी वाढले?
२. गोदीला दरवाजे का असतात?
३. “बादशहाच्या स्वागतासाठी बांधलेल्या दाराने त्याच्या सत्तेला निरोप दिला.” या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. आजोबा आणि आजी यांचे वाढवण बंदराविषयीचे बोलणे वाचा. दोन्ही बाजू मांडून दहा ओळी लिहा.
५. तुमच्या गावाजवळच्या खाडीची किंवा नदीची जुनी माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा.